चार्ल्स मार्टिन हॉल : लाकडांच्या खोपीतील रसायनशास्त्रज्ञ

ॲल्युमिनियमचे एकही भांडे ज्या घरात नाही, असे घर आपल्या भागात शोधूनही सापडावयाचे नाही. भाताचे पातेले, दुधाची किटली, शाळेत न्यावयाचा डबा, चुलीवर काळाठिक्कर पडलेला टोप, अशा नाना रूपांनी हा धातू आपल्या घरात वावरत असतो. आपल्याकडील जुनी माणसे त्याला 'जर्मन' म्हणत आली आहेत. तांब्यापितळेला जो मान, तो या 'जर्मन'ला कधी मिळाला नाही. देवघरात त्याला जागा नाही, आणि पोचा पडून ते भांडे मोडीत निघाले तर कोणाला हळहळही वाटत नाही. स्वस्त वस्तूच्या वाट्यास येणारी ही उपेक्षा होय.

परंतु हा धातू नेहमीच स्वस्त नव्हता. १८८४ सालच्या डिसेंबर महिन्याच्या ६ तारखेस अमेरिकेच्या राजधानीत, त्या राष्ट्राचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या स्मारकस्तंभावर कळस चढविण्यात आला. साडेपाचशे फुटांहून उंच अशा त्या स्तंभाच्या टोकावरील सुमारे नऊ इंचांचा तो लहानसा कळस सोन्याचा नव्हता, चांदीचाही नव्हता. तो ॲल्युमिनियमचा होता. त्या काळी हा धातू जवळजवळ चांदीच्या भावाने विकला जात असे. योगायोग असा की, नेमक्या त्याच दिवशी ओहायओ राज्यातील ओबर्लिन नावाच्या गावी एका महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या वयाला एकवीस वर्षे पूर्ण झाली. त्याचे नाव चार्ल्स मार्टिन हॉल. पुढे सव्वा वर्षाच्या आत याच तरुणाने घरामागच्या खोपीत जे काही केले, त्यामुळे तो राजधातू सर्वसामान्यांच्या चुलीपर्यंत येऊन पोचला. त्या तरुणाचे चरित्र आम्ही आज आमच्या विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

चार्ल्सचा जन्म ६ डिसेंबर १८६३ रोजी ओहायओमधील थॉम्पसन या खेड्यात झाला. वडील धर्मोपदेशक होते. आई आणि वडील दोघेही ओबर्लिनचेच पदवीधर. जमेका बेटावर त्यांनी काही वर्षे मिशनरी म्हणून काम केले होते. घरात विद्या भरपूर, पैसा मात्र बेताचा. भावंडे बरीच. वडिलांच्या विद्यार्थिदशेतील रसायनशास्त्राचे एक जुने पुस्तक घरातील कपाटात होते. ते लहानग्या चार्ल्सच्या हाती पडले आणि त्याला त्या शास्त्राचा छंद जडला. तो सुमारे दहा वर्षांचा असताना, म्हणजे १८७३ साली, हे कुटुंब ओबर्लिन येथे येऊन राहिले.

ओबर्लिनच्या महाविद्यालयाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जात, वर्ण आणि लिंग यांचे अडसर त्या काळी सर्वत्र असताना या संस्थेने कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना १८३५ पासून दार उघडले होते, आणि १८४१ साली तीन स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीची पदवी दिली होती. चार्ल्सची थोरली बहीण ज्यूलिया हिनेही येथेच शिक्षण घेतले आणि रसायनशास्त्राचाही अभ्यास केला. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

महाविद्यालयात फ्रँक फॅनिंग ज्युएट हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. जर्मनीत गटिंगन येथे त्यांनी अध्ययन केले होते व काही वर्षे जपानमध्ये अध्यापनही केले होते. ॲल्युमिनियम वेगळे करणाऱ्या आद्य शास्त्रज्ञांपैकी एक, फ्रीड्रिख व्होलर, यांच्याशी त्यांचा गटिंगनमध्ये परिचय झाला होता. ज्युएट यांच्यापाशी ॲल्युमिनियमचा एक तुकडा असे. तो वर्गात दाखवून ते विद्यार्थ्यांना सांगत की, हा धातू स्वस्तात काढण्याची रीत जो शोधील त्याच्याकडून जगावर मोठा उपकार होईल आणि त्याला स्वतःलाही विपुल धन मिळेल. वर्गातील इतरांनी हे ऐकले आणि ते घरी गेले. चार्ल्सने मात्र हे काम आपले म्हणून मनाशी धरले. शिक्षकाचे एक वाक्य विद्यार्थ्याच्या आयुष्याला कसे वळण देऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण आम्हां शिक्षकांनाही विचार करावयास लावणारे आहे.

आता या कामातील अडचण काय होती, ते समजून घेऊ. ॲल्युमिनियम दुर्मिळ आहे असे मुळीच नाही. पृथ्वीच्या कवचात सर्व धातूंमध्ये त्याचेच प्रमाण अधिक, सुमारे आठ टक्के, आहे. आपल्या पायाखालच्या मातीतही ते आहे. कोल्हापूरच्या डोंगरमाथ्यांवर सापडणारा बॉक्साइट नावाचा दगड हे त्याचे खनिज होय. या दगडापासून शुभ्र पिठीसारखा ॲल्युमिना काढतात. बेळगावात यमनापूर येथे तो तयार करण्याचा मोठा कारखानाच आहे. ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियम आणि प्राणवायू यांचे संयुग. या दोघांची मिठी मात्र विलक्षण घट्ट. लोखंडाचे खनिज कोळशाबरोबर भट्टीत घातले म्हणजे लोखंड सुटे होते. ॲल्युमिन्याच्या बाबतीत ती युक्ती चालत नाही. डेन्मार्कमध्ये ओर्स्टेड याने १८२५ साली आणि जर्मनीत व्होलर याने १८२७ साली हा धातू अल्प प्रमाणात वेगळा केला. फ्रान्समध्ये साँत-क्लेअर देव्हिल याने १८५४ साली सोडियम वापरून तो अधिक प्रमाणात काढला. परंतु सोडियमच मुळात महाग. मग त्याच्या बळावर काढलेला धातू स्वस्त कोठून व्हावा?

विजेचा प्रवाह सोडून संयुग फोडावे, ही दुसरी वाट होती. यासाठी ते संयुग द्रवरूपात हवे, म्हणजे त्यातील विद्युद्भारित कण, ज्यांना आपण आयन म्हणतो, ते मोकळेपणी हिंडू शकतील. पण ॲल्युमिना वितळतो दोन हजार अंश सेल्सियसच्याही वर. पाण्यात तो विरघळत नाही. ॲल्युमिनियमचा एखादा दुसरा क्षार पाण्यात विरघळवून वीज सोडली, तर धातूऐवजी पाण्यातला हायड्रोजनच बाहेर पडतो. सारांश, एक असा द्रव पाहिजे होता की, ज्यात पाणी नाही, जो साध्या भट्टीच्या आचेवर वितळेल, ज्यात ॲल्युमिना साखरेसारखा विरघळेल, आणि जो स्वतः विजेने ॲल्युमिन्याच्या आधी फुटणार नाही. धातू कसा काढावा हा प्रश्न वरवरचा होता. कोणत्या द्रवात काढावा, हाच खरा प्रश्न होता. हॉलचे मोठेपण असे की, त्याने प्रश्नाचे हे मर्म ओळखले.

१८८५ साली पदवी घेतल्यावर त्याने नोकरीचा मार्ग धरला नाही. स्वयंपाकघराला लागून लाकडे ठेवण्याची एक खोपी होती. तीच त्याची प्रयोगशाळा झाली. वीज तर त्या गावात नव्हतीच. तेव्हा प्राध्यापक ज्युएट यांच्याकडून काही सामान मागून आणून आणि उरलेले हाताने घडवून त्याने विद्युत्घट तयार केले. गॅसोलिनच्या स्टोव्हमध्ये फेरफार करून भट्टी उभी केली. मुशी तो आपल्या हाताने करी, रसायनेही पुष्कळशी स्वतःच सिद्ध करी. त्याच वर्षी मातृवियोगाचे दुःख घरावर कोसळले होते, आणि संसाराचा भार ज्यूलियाच्या शिरावर आला होता. खोपीतल्या उग्र वाफांचा दर्प शेजारच्या स्वयंपाकघरात कसा पसरत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

त्याने फ्लुओराइड वर्गातील क्षार वितळवून पाहण्यास आरंभ केला. काही वितळेनात, काही वितळले तर त्यांत ॲल्युमिना विरघळेना. एकामागून एक क्षार बाद होत गेले. अखेरीस ९ फेब्रुवारी १८८६ च्या सुमारास त्याने क्रायोलाइट हाती घेतला. हे बर्फासारखे दिसणारे खनिज त्या काळी ग्रीनलंडच्या एका खाणीतून येत असे. सोडियम, ॲल्युमिनियम व फ्लोरीन यांचा तो क्षार होय. सुमारे एक हजार अंशांवर तो वितळला आणि त्याचे पाण्यासारखे नितळ द्रावण झाले. १० तारखेस त्यात ॲल्युमिन्याची पूड टाकताच ती विरघळून दिसेनाशी झाली. हवा होता तो द्रव सापडला होता.

सहा दिवसांनी त्याने त्या द्रवातून वीज सोडली. परंतु मुशीत धातू मिळाला नाही. ग्राफाइटच्या कांडीवर करड्या रंगाचा काहीसा थर मात्र जमला. येथे एखादा निराश होऊन उठला असता. हॉलने शांतपणे विचार केला, आणि त्याच्या ध्यानात आले की, दोष द्रवाचा नाही, मुशीचा आहे. मूस मातीची होती. तो तप्त द्रव मातीलाच खात होता, आणि मातीतील सिलिकॉन कांडीवर येऊन बसत होता. मग त्याने मुशीला आतून कर्बाचे अस्तर दिले. २३ फेब्रुवारी १८८६ रोजी काही तास प्रवाह सोडून, मूस निववून ती फोडली, तेव्हा आत चांदीसारख्या झळकणाऱ्या धातूच्या लहान लहान गोळ्या मिळाल्या. त्या घेऊन तो ज्युएट गुरुजींकडे गेला. गुरुजींनी वर्गात दाखविलेल्या तुकड्याचाच तो धातू होता. त्या वेळी हॉलचे वय होते अवघे बावीस. या गोळ्या पुढे त्याच्या कंपनीने राजमुकुटातील रत्नांप्रमाणे जपून ठेवल्या.

याच सुमारास अटलांटिक महासागराच्या पलीकडे फ्रान्समध्ये पॉल एरू नावाचा दुसरा एक तरुण हाच ध्यास घेऊन बसला होता. तोही १८६३ सालीच जन्मलेला. दोघांनाही एकमेकांचे नाव ठाऊक नव्हते. एरूनेही क्रायोलाइटचाच आश्रय केला, आणि २३ एप्रिल १८८६ रोजी फ्रान्समध्ये पेटंट मिळविले. हॉलचा अमेरिकेतील अर्ज दाखल झाला त्या वर्षी ९ जुलैस. तोवर एरूचाही अर्ज अमेरिकेत पोचला होता. म्हणजे कागदोपत्री हॉल मागे पडला होता! परंतु अमेरिकेच्या तत्कालीन कायद्यात अर्जाच्या तारखेपेक्षा शोधाच्या तारखेला महत्त्व होते. २३ फेब्रुवारीस खोपीत खरोखर काय घडले, हे सिद्ध करता आले तरच हॉलचा हक्क टिकणार होता. खोपीतल्या गोष्टीला साक्षीदार कोठून आणावा?

साक्षीदार घरातच होता. ज्यूलियाला भावाच्या प्रत्येक प्रयोगाची वेळच्या वेळी माहिती होती, आणि त्यांतील शास्त्रार्थ समजण्याइतके शिक्षणही तिला मिळालेले होते. तिने घडलेल्या गोष्टींचा तारीखवार वृत्तान्त लिहून काढला. चार्ल्सने थोरल्या भावाला पाठविलेली पत्रे टपालाच्या शिक्क्यांसह पुढे आली. प्राध्यापक ज्युएट यांचीही साक्ष झाली. शोधाची तारीख मान्य झाली, आणि २ एप्रिल १८८९ रोजी हॉलला पेटंट मिळाले. घरच्या माणसांनी जपलेले कागद नसते, तर अमेरिकेपुरता हा मान बहुधा एरूकडे गेला असता. ज्यूलियाचा वाटा साक्षीपुरताच होता की प्रत्यक्ष शोधातही होता, याविषयी १९७७ पासून अभ्यासकांत वाद चालू आहे. आम्ही त्या वादात शिरत नाही. परंतु पाठ्यपुस्तकांतून हॉल आणि एरू ही दोन नावे वाचताना, दिवसा घर सांभाळून जिने आपल्या भावाच्या कामाच्या तारखा सांभाळल्या, त्या तिसऱ्या व्यक्तीची आठवण विद्यार्थ्यांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, ठेवावी असे आम्हांस वाटते.

शोध लागला, तरी धनकोंची दारे लगेच उघडली नाहीत. बोस्टन येथील भांडवलदारांनी त्याला परत पाठविले. पुढे कौल्स बंधूंच्या कंपनीत तो सुमारे वर्षभर राबला. पण त्यांनीही त्याची रीत घेण्याचे नाकारले. शेवटी पिट्सबर्ग येथे कॅप्टन आल्फ्रेड हंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विश्वास टाकला आणि वीस हजार डॉलरांचे भांडवल उभे केले. १८८८ साली स्थापन झालेली हीच कंपनी पुढे अल्कोआ या नावाने जगप्रसिद्ध झाली. पहिल्या दिवसांत हॉल आणि आर्थर डेव्हिस नावाचा त्याचा तरुण सहकारी हे दोघे बारा बारा तासांच्या पाळ्या करून भट्टी रात्रंदिवस तेवत ठेवीत.

या कारखान्यात एक मोठी गोष्ट प्रत्ययास आली. आरंभी द्रव वितळलेला राहावा म्हणून भांड्याखाली जाळ करावा लागे. भांडी मोठी झाली तेव्हा असे दिसून आले की, धातू सोडविणारा विद्युत्प्रवाहच जाताजाता द्रवाला आतून तापवितो. बाहेरच्या जाळाची गरज उरत नाही. याच मुद्द्यावरून मात्र कोर्टकज्जे झाले. कौल्स कंपनीविरुद्धच्या दाव्यात १८९३ साली निकाल हॉलच्या बाजूने लागला. परंतु प्रवाहानेच आतून तापविण्याच्या रीतीचे पेटंट दुसऱ्या एकाच्या नावे होते, ते कौल्स यांच्याकडे आले, आणि १९०३ साली त्यावरून हॉलच्या कंपनीला हार खाऊन तडजोड करावी लागली. यशस्वी माणसाच्या चरित्रातही अशी पाने असतात, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

धातू स्वस्त झाला. पाच डॉलरांच्या आसपास असलेला पौंडाचा भाव दहा वर्षांच्या आतच एका डॉलरच्याही खाली उतरला. तरी लोकांना या नव्या धातूचे करावे काय, हेच कळेना. भांडी घडवून दाखवावी, घरोघर विक्रेते पाठवावे, असे उद्योग कंपनीलाच करावे लागले. त्यानंतर मात्र त्याची घोडदौड कोणी अडवू शकले नाही. हलकेपणामुळे तो विमानांत गेला, विजेच्या तारांत गेला, आणि चुलीवरच्या भांड्यांत तर गेलाच गेला.

१९११ साली हॉलला पर्किन पदक हा रसायनशास्त्रातील मोठा सन्मान मिळाला. त्या समारंभास पॉल एरू हा जातीने उपस्थित राहिला व त्याने आपल्या प्रतिस्पर्ध्याचे मोकळ्या मनाने अभिनंदन केले. पेटंटासाठी भांडलेले हे दोन समवयस्क त्या दिवशी मित्र म्हणून भेटले, हा प्रसंग आम्हांस त्या पदकाहूनही मोलाचा वाटतो.

हॉलने विवाह केला नाही. पियानोवादन आणि ग्रंथवाचन यांत त्याचा फावला वेळ जाई. रक्ताच्या दुर्धर विकाराने त्याला गाठले, आणि २७ डिसेंबर १९१४ रोजी फ्लॉरिडातील डेटोना येथे, वयाच्या अवघ्या एकावन्नाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याच वर्षी काही महिने आधी एरूही निवर्तला होता. एका वर्षी जन्मलेले, एकच शोध लावणारे हे दोघे एकाच वर्षी जगातून गेले. हॉलने आपली बहुतेक संपत्ती विद्यादानासाठी ठेवली. तिचा मोठा हिस्सा ओबर्लिनला मिळाला. दक्षिणेकडील गरिबांच्या व कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी, तसेच आशिया खंडातील शिक्षणकार्यासाठीही त्याने मोठ्या रकमा दिल्या. आईच्या नावाने ओबर्लिन येथे एक सभागृहही उभारले गेले.

हॉलने दाखविलेल्या वाटेवर शास्त्र पुढे चालतच राहिले आहे. त्याचा द्रव हा वितळलेला क्षार, म्हणजे नुसत्या आयनांचा द्रव होता. पण त्याला हजार अंशांची आच लागे. असाच द्रव साध्या हवेच्या उष्णतेत मिळाला तर? पॉल वाल्डेन या शास्त्रज्ञाने १९१४ साली, म्हणजे हॉलच्या निधनवर्षीच, सुमारे बारा अंशांवर वितळणाऱ्या एका क्षाराचे वर्णन प्रसिद्ध केले. हा वाल्डेनही १८६३ चाच! पुढे १९५१ साली हर्ली आणि वायर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अशाच एका थंड आयनद्रवातून ॲल्युमिनियमचा मुलामा देण्याची रीत प्रसिद्ध केली. शंभर अंशांच्या आत वितळणाऱ्या अशा क्षारांना आता आयनिक द्रव म्हणतात. १९८६ साली, हॉलच्या शोधाला बरोबर शंभर वर्षे झाली तेव्हा, सूक्ष्मतरंगांच्या म्हणजे मायक्रोवेव्हच्या साहाय्याने प्रयोगशाळेत रासायनिक संयुगे झपाट्याने घडविता येतात, असे दाखविणारे पहिले निबंध प्रसिद्ध झाले. आयनिक द्रवावर हे तरंग सोडले की, त्यातील आयन वेगाने पुढेमागे हलू लागतात, आणि आपसांतील घर्षणाने तो द्रव आतूनच तापतो. पिट्सबर्गच्या भट्टीत जे आतून तापणे दिसले होते, त्याचेच हे दुसरे रूप म्हटले तर चालेल. योग्य द्रव निवडा आणि त्याला आतून उष्णता द्या, या दोन सूत्रांवर आज नवनवीन पदार्थ घडविण्याचे प्रयोग चालू आहेत.

आणि मूळची रीत? तीही जिवंत आहे. आजही जगातील नवे ॲल्युमिनियम हॉल आणि एरू यांच्याच रीतीने निघते. त्याला वीज मात्र फार लागते. एका किलोला सुमारे तेरा ते पंधरा युनिट. जुने भांडे वितळवून पुन्हा धातू करण्यास याच्या विसाव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा पुरते. म्हणून पोचा पडलेले 'जर्मन'चे भांडे उकिरड्यावर न फेकता भंगारात देणे, हे हॉलच्या श्रमांचे चीज करणेच होय.

ओबर्लिन येथे हॉलचा पुतळा आहे. तो ब्राँझचा नाही, संगमरवराचाही नाही. तो ॲल्युमिनियमचा आहे. त्या पुतळ्यापेक्षाही बोलके स्मारक आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात आहे. विद्यार्थी मित्रांनी आज घरी गेल्यावर त्या टोपाकडे एकदा नीट पाहावे. आणि प्रयोगवहीत तारीख घालण्याचा कंटाळा आला, तर टपालाचे शिक्के असलेली ती पत्रे आणि ज्यूलियाचा तो वृत्तान्त यांचे स्मरण करावे.